शेअर केलेला प्रिंटर दिसतो, पण प्रिंट येत नाही: ड्रायव्हर टाकण्याआधी आणि टाकताना काय तपासायचं

कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज एकाएकी चालत नाही. मधल्या काळात एखादा नवा पीसी आलेला असतो, विंडोज अपडेट झालेलं असतं किंवा कोणीतरी राउटर बंद करून चालू केलेला असतो. अशा वेळी मला बोलावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एक गोष्ट आधीच केलेली असते: ड्रायव्हर, म्हणजे पीसीचं म्हणणं प्रिंटरला समजावणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकलेला असतो. काहींनी तीन-तीनदा. मी पोहोचतो तेव्हा त्या पीसीवर एकाच प्रिंटरच्या चार नोंदी असतात, ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा, आणि त्यातली खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता माझा क्रम ठरून गेला आहे. ड्रायव्हरकडे मी बराच उशिरा वळतो. आणि ड्रायव्हर बदलायचाच असेल तर ‘नवीनतम’ शोधण्यापेक्षा ‘जुळणारा’ शोधतो. या दोन्ही गोष्टी एकच नाहीत. खालचा सगळा क्रम विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल मध्ये थोडं येईल.

आधी लक्षणं

‘प्रिंट येत नाही’ या तीन शब्दांत निदान सहा वेगळे बिघाड असतात, म्हणून मी फोनवर पहिल्यांदा विचारतो ते हेच, की स्क्रीनवर आणि कागदावर नेमकं काय दिसतंय.

प्रिंटर यादीत आहे, पण फिकट झालाय आणि ‘ऑफलाइन’ म्हणतोय. यात ड्रायव्हरचा दोष क्वचितच निघतो. प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो किंवा ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय तो झोपलेला असतो.

प्रिंट दिली की रांगेत जाते, ‘प्रिंटिंग’ दाखवते आणि तिथेच बसते. मागून दिलेल्या सगळ्या तिच्यामागे तुंबतात. हे काम स्पूलरचं, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागाचं.

प्रिंटर जोडायला गेलं की विंडोज अडवतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, किंवा जोडता येत नाही असा संदेश आणि खाली शून्यांनी भरलेला लांब कोड. त्या कोडची शेवटची अक्षरं वाचा. ११बी किंवा ७०९ असेल तर तो परवानगी आणि अपडेटचा प्रश्न आहे.

कागद बाहेर येतात, पण त्यावर भलतंच काही. पानाच्या वरच्या कडेला एक ओळ, टक्क्याचं चिन्ह, १२३४५ हा आकडा, पुढे ‘पीजेएल’, आणि बाकी पान कोरं. मग दुसरं तसंच पान, तिसरं, चौथं. किंवा एकाच कागदावर ‘पीसीएल एक्सएल एरर’ आणि खाली सबसिस्टिम, ऑपरेटर, पोझिशन अशा चार-पाच ओळी. इथे मात्र पहिला संशय ड्रायव्हरवरच घ्यायचा.

प्रिंट व्यवस्थित येते, पण दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय गायब आहे, दुसरा ट्रे निवडता येत नाही, रंगीत मशीन काळंपांढरंच छापतं. ड्रायव्हर आहे, पण कामचलाऊ आहे.

आणि शेवटचं, सगळ्यात गोंधळात टाकणारं: ड्रायव्हरचा सेटअप शेवटपर्यंत जातो, काम झालं म्हणतो, आणि प्रिंटर यादीत येतच नाही.

लक्षण ओळखलं की लगेच दुसरा प्रश्न: हे एकाच पीसीवर होतंय की सगळ्यांवर? सगळ्यांवर होत असेल तर बिघाड प्रिंटरमध्ये, नेटवर्कमध्ये किंवा मेन पीसीत (ज्याला प्रिंटर जोडलाय त्या पीसीत) आहे. तुमच्या पीसीवर ड्रायव्हर टाकून काही होणार नाही. एकाच पीसीवर असेल तर बाकीचे पीसी सोडून त्याच्यावरच बसा. या एका प्रश्नाने निम्मी धावपळ वाचते, तरी तो फार कमी लोक विचारतात.

‘नेटवर्क प्रिंटर’ म्हणजे नेमकं काय

पुढची प्रत्येक तपासणी यावर अवलंबून आहे. एका पद्धतीत प्रिंटर यूएसबी वायरने एका पीसीला जोडलेला असतो आणि त्या पीसीवरून तो बाकीच्यांना शेअर केलेला असतो. त्या पीसीला मी मेन पीसी म्हणतो. तो बंद तर प्रिंटर बंद. बाकीचे पीसी ड्रायव्हरसुद्धा त्याच्याकडूनच मागतात. दुसऱ्या पद्धतीत प्रिंटरला स्वतःची नेटवर्क केबल किंवा वायफाय असतं, स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) असतो, आणि प्रत्येक पीसी थेट त्याच्याशी बोलतो. इथे प्रत्येक पीसीवर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

प्रिंटरला नेटवर्कचं पोर्ट असूनही तो यूएसबीने एका पीसीला लावून शेअर केलेला मी अनेकदा पाहिला आहे. तसं असेल तर पुढे वाचायच्या आधी एकदा केबल थेट राउटरला किंवा स्विचला लावून प्रत्येक पीसीवर प्रिंटर स्वतंत्र जोडता येतो का बघा. खाली सांगितलेली परवानगीची अर्धी भानगड त्यानेच संपते.

पीसीला हात न लावता होणाऱ्या तपासण्या

प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनलवरून कॉन्फिगरेशन पेज किंवा स्टेटस पेज काढा. पॅनल नसेल तर बहुतेक मॉडेलवर एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की हे पान निघतं. यात कोणताही पीसी, ड्रायव्हर, नेटवर्क मध्ये नसतं. हे पान आलं नाही किंवा फाटकंतुटकं आलं, तर बिघाड मशीनचा आहे आणि ड्रायव्हरचा विषयच मिटला. आलं, तर ते टाकून देऊ नका. त्यावर आयपी पत्ता असतो, नेमकं मॉडेल असतं, आणि बऱ्याच लेझर प्रिंटरवर तो कोणत्या भाषा समजतो तेही छापलेलं असतं: पीसीएल ५, पीसीएल ६, पोस्टस्क्रिप्ट. हा कागद पुढे लागणार आहे.

मेन पीसी चालू आहे ना? स्लीपमध्ये गेलेला नाही ना? स्क्रीन काळी होणं वेगळं आणि पीसी झोपणं वेगळं. झोपलेला पीसी शेअरिंग करत नाही. ज्याला प्रिंटर लावलाय त्याची स्लीप सेटिंग ‘नेव्हर’ ठेवा.

कागदाचा आकार बघा. प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय, पॅनलवर ‘लेटर’ कागद घाला असं येतंय, आणि ट्रेमध्ये ए४ भरलेला आहे, हा प्रकार नव्या ड्रायव्हरनंतर हमखास होतो. नवा ड्रायव्हर काही वेळा आपला डिफॉल्ट आकार लेटर धरून बसतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये, आणि वेगळ्या असलेल्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्येही, ए४ करा. दोन्हीकडे. एकाच ठिकाणी बदललं की दुसऱ्या युजरला पुन्हा तोच त्रास होतो.

अडकलेली रांग

एखादी खराब फाइल रांगेच्या तोंडाशी अडकली की नंतरची प्रत्येक चाचणी खोटी ठरते, कारण तुमचं टेस्ट पेजही तिच्यामागेच उभं राहतं. म्हणून ड्रायव्हरच्या आधी रांग मोकळी करायची.

‘कॅन्सल’ दाबून ‘डिलीटिंग’ असं दाखवत बसत असेल तर सर्व्हिसेस उघडा, ‘प्रिंट स्पूलर’ शोधा, स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हा फोल्डर उघडा. प्रत्येक अडकलेल्या प्रिंटच्या इथे दोन फाइली असतात, एकीत छापायचा मजकूर आणि दुसरीत त्या कामाची माहिती. आतल्या फाइली डिलीट करा, फोल्डर ठेवा. शेजारीच ‘ड्रायव्हर्स’ नावाचा फोल्डर असतो, त्याला हात लावू नका. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. प्रिंटर मेन पीसीवरून शेअर केलेला असेल तर हे मेन पीसीवर करायचं, कारण खरी रांग तिथे असते. तुमच्या पीसीवरची रांग साफ करून उपयोग नाही.

कागदामागून कागद चिन्हं छापत सुटला असेल तर सगळ्यात आधी प्रिंटरचा ट्रे बाहेर ओढा. मग रांग साफ करा, मग प्रिंटर बंद करून चालू करा. प्रिंटरच्या स्मृतीत उरलेलं काम त्याशिवाय जात नाही.

पत्ता बदलला का

प्रिंटरला स्वतःचा आयपी असेल तर मघाचा कागद घ्या आणि पीसीवरचं पोर्ट, म्हणजे पीसी ज्या पत्त्यावर प्रिंट पाठवतो ती नोंद, त्याच्याशी ताडून बघा. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स हा टॅब, ज्याला खूण आहे ती ओळ.

एका कार्यालयात सोमवारी सकाळी सातही पीसीवर प्रिंटर ऑफलाइन होता. मी जाईपर्यंत दोन पीसींवरचे ड्रायव्हर काढून झाले होते. कागदावर प्रिंटरच्या आयपीचा शेवटचा आकडा ३४ होता, पीसीवरच्या पोर्टमध्ये २१. रविवारी वीज गेली होती, राउटर पुन्हा चालू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा पत्ता दिला. पाच पीसी पोर्ट बदलून दहा मिनिटांत चालू झाले. ज्या दोघांचे ड्रायव्हर काढले होते, त्यांना तासभर लागला.

पोर्ट बदलणं ही तात्पुरती मलमपट्टी झाली. पक्का उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्याला (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) एकच आयपी राखून ठेवणं, म्हणजे डीएचसीपी रिझर्व्हेशन. हे केलं नाही तर हा बिघाड परत येणार, आणि पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी ड्रायव्हरच काढत बसणार.

पोर्टच्या नावात ‘डब्ल्यूएसडी’ असेल तर मी ते ठेवत नाही. विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं तेव्हा बऱ्याचदा हे पोर्ट तयार होतं. ते प्रिंटरने नेटवर्कवर दिलेल्या हाकेवर चालतं; हाक ऐकू आली नाही की प्रिंटर ऑफलाइन. त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट बनवा आणि आयपी हाताने लिहा. हे सहसा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर थेट डेटा पाठवतं, मध्ये कोणाला हाका मारत नाही. तरीही प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसला, तर त्या पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढून बघा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर नाहीच असं धरतं.

शेअरिंगचं दार

हा भाग फक्त मेन पीसीवरून शेअर केलेल्या प्रिंटरसाठी. रन उघडून दोन बॅकस्लॅश आणि मेन पीसीचं नाव टाका. शेअर केलेला प्रिंटर दिसला तर दार उघडं आहे, पुढच्या भागाकडे चला.

नाही दिसला तर मेन पीसीवर बघा की नेटवर्क ‘पब्लिक’ झालंय का. अपडेटनंतर किंवा नवा राउटर आल्यावर विंडोज ओळखीचं नेटवर्कही नवं समजून पब्लिक करू शकतं आणि मग फायरवॉल फाइल अँड प्रिंटर शेअरिंग अडवते. ‘प्रायव्हेट’ करा. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही तेच.

पासवर्ड मागत असेल तर मेन पीसीवरच्या युजरचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो, स्वतःच्या पीसीचा नाही. त्या युजरला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, म्हणून प्रिंटरसाठी मेन पीसीवर एक वेगळा साधा युजर आणि त्याला पासवर्ड ठेवणं बरं. पूर्वी लोक ‘गेस्ट’ हे बिनपासवर्डचं खातं उघडं ठेवून काम भागवत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि त्यावरच्या एडिशनमध्ये शेअरिंगच्या प्रत्येक संवादावर सही (पाठवणाऱ्याची डिजिटल खूण) असणं सक्तीचं झालं आणि गेस्टला सही करता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं चाललेली मांडणी नवा लॅपटॉप आला की त्याच्यापुरती बंद पडते. आणि मेन पीसीचा पासवर्ड बदललेला असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठून बसलेला असतो. तो काढून टाका.

आता ड्रायव्हर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर आता ड्रायव्हरकडे वळायला हरकत नाही. ‘जुळणारा’ म्हणजे तीन गोष्टींशी जुळणारा: प्रिंटरचं मॉडेल, प्रिंटरची भाषा आणि पीसीचा प्रोसेसर.

मॉडेलचं सोपं वाटतं, पण फसवतं ते शेवटचं अक्षर. एकाच आकड्याच्या मॉडेलमागे एन, डी, डब्ल्यू अशी अक्षरं असतात. बहुतेक वेळा ती नेटवर्क, दोन बाजू, वायफाय अशा सोयी सांगतात, पण काही वेळा त्यामागे आतून वेगळं मशीन असतं. नाव प्रिंटरच्या मागच्या लेबलवरून किंवा कॉन्फिगरेशन पेजवरून घ्या, पुढच्या झाकणावरून नाही. ड्रायव्हर फक्त उत्पादकाच्या साइटवरून. ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर गोळा करून ठेवणाऱ्या साइटी मी कोणाच्याही पीसीवर येऊ देत नाही. प्रिंट ड्रायव्हर ज्या स्पूलरमध्ये चालतो त्याला विंडोजमध्ये फार मोठे अधिकार असतात.

भाषेचा मुद्दा सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रिंटरला पीसीकडून पान जसंच्या तसं जात नाही. ते एका वर्णनभाषेत जातं. अ‍ॅडोबीचं पोस्टस्क्रिप्ट आणि एचपीचं पीसीएल या दोन्ही १९८४ पासूनच्या भाषा आणि आजही लेझर प्रिंटर प्रामुख्याने याच बोलतात. ड्रायव्हर हा दुभाषी. दुभाष्याने प्रिंटरला न कळणाऱ्या भाषेत मजकूर दिला की प्रिंटर तो मजकूर म्हणूनच छापतो. ती टक्क्याच्या चिन्हाची आणि १२३४५ ची ओळ म्हणजे पुढे येणाऱ्या कामाची भाषा सांगणारी आज्ञा आहे. प्रिंटरने ती पाळायची असते, छापायची नसते. ती कागदावर दिसली याचा अर्थ समोरच्याला ती कळली नाही.

म्हणून कॉन्फिगरेशन पेजवर ज्या भाषा आहेत त्यातलाच ड्रायव्हर घ्या. दोन्ही असतील तर रोजच्या कागदपत्रांना मी पीसीएल ६ घेतो. तो हलका पडतो. पीडीएफ किंवा छपाईच्या डिझाइनचं काम जास्त असेल तर पोस्टस्क्रिप्ट. ‘पीसीएल एक्सएल एरर’ पीसीएल ६ चा ड्रायव्हर असताना आणि ठरावीक फाइललाच येत असेल, तर त्याच प्रिंटरचा पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ५ ड्रायव्हर दुसरी नोंद म्हणून टाकून ती फाइल त्यावरून काढा. फाइलमधला एखादा फाँट किंवा चित्र ड्रायव्हरला पेलत नसतं. प्रिंटर बिघडलेला नसतो.

बऱ्याच स्वस्त प्रिंटरना यापैकी एकही भाषा येत नाही. ते फक्त तयार ठिपके घेतात आणि पान रचण्याचं सगळं काम पीसीवरच्या ड्रायव्हरकडून करून घेतात. यांना होस्ट-बेस्ड किंवा जीडीआय प्रिंटर म्हणतात. यांच्यावर कोणताही ‘युनिव्हर्सल’ पीसीएल ड्रायव्हर चालणार नाही. त्याच मॉडेलचा, त्याच मालिकेचाच ड्रायव्हर लागतो. आणि उत्पादकाने नव्या विंडोजसाठी तो काढलाच नसेल, तर कितीही शोधाशोध केली तरी हाती काही लागत नाही.

तिसरी गोष्ट प्रोसेसर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे, पण ३२ बिटचं विंडोज १० असलेले जुने पीसी अजून कामावर आहेत. मेन पीसी ६४ बिट आणि मागणारा ३२ बिट असेल तर मेन पीसीकडे त्याला द्यायला ड्रायव्हरच नसतो. मेन पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या शेअरिंग टॅबमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ असतं; तिथे दुसरी खूण करून ३२ बिटचा ड्रायव्हर द्या. दोन्ही ड्रायव्हरचं नाव अक्षरशः एकच असावं लागतं, म्हणून दोन्ही एकाच आवृत्तीच्या पॅकेजमधून घ्या.

हल्ली याचं नवं रूप भेटतं. एकाचा नवाकोरा लॅपटॉप, ड्रायव्हरचा सेटअप शेवटपर्यंत गेला, हिरवी खूण आली, यादीत प्रिंटर नाही. तीनदा तेच. मी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट उघडलं तर ‘सिस्टिम टाइप’समोर ‘एआरएम-बेस्ड प्रोसेसर’, म्हणजे नेहमीच्या पीसीपेक्षा वेगळ्या जातीचा. एआरएमवरचं विंडोज नेहमीची सॉफ्टवेअरं नक्कल करून चालवतं, म्हणून सेटअपची खिडकी तक्रार न करता पुढे सरकते. ड्रायव्हरला मात्र ही नक्कल लागू होत नाही. तो एआरएम६४ साठीच बनलेला हवा. तो नव्हता. तिथे प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ‘आयपीपी क्लास ड्रायव्हर’वर जोडला आणि पहिलं पान आलं.

या आयपीपी ड्रायव्हरबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. आधी मी तो दिसला की काढायचो. पण मोप्रिया किंवा एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या सोयी) लिहिलेला, नेटवर्कवर असलेला प्रिंटर असेल तर आता मी आधी तोच वापरून बघतो. प्रिंटर आपल्या सोयी स्वतःच पीसीला सांगतो, उत्पादकाचा ड्रायव्हर लागतच नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलं की विंडोज अपडेटमधून उत्पादकांचे प्रिंट ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने थांबणार, म्हणजे वाटचाल त्याच दिशेने आहे. स्टेपल, पंच, पिन टाकून सोडवायची गोपनीय प्रिंट असं काही लागत असेल तरच उत्पादकाचा पूर्ण ड्रायव्हर टाका. मॅकवर एअरप्रिंट आणि लिनक्सवर कप्स या छपाई-व्यवस्थेचं ‘ड्रायव्हरलेस’ हीच गोष्ट करतं. तिथेही पहिला प्रयत्न त्याचाच.

मेन पीसीवरून जोडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नाव ‘एन्हान्स्ड पॉइंट अँड प्रिंट’ असं दिसत असेल आणि दोन बाजूंचा पर्याय वगैरे नसेल, तर मेन पीसीवर ‘टाइप ४’ या नव्या रचनेचा ड्रायव्हर आहे आणि तुमच्या पीसीला त्याची कामचलाऊ आवृत्ती मिळाली आहे. तोच ड्रायव्हर तुमच्या पीसीवरही टाका, किंवा मेन पीसीवर जुन्या रचनेचा ‘टाइप ३’ लावा.

अ‍ॅडमिन, ११बी आणि ७०९

२०२१ च्या जून-जुलैमध्ये स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. नेटवर्कवर साधं खातं असलेल्यालाही प्रिंटरच्या निमित्ताने पीसीचा ताबा घेता येत होता. त्यावर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायला अ‍ॅडमिनची परवानगी सक्तीची केली. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने पीसी आणि मेन पीसीमधला संवाद कूटबद्ध असण्याची सक्ती केली. ११बी चा एरर तेव्हापासून लोकांना भेटू लागला.

११बी आला तर दोन्ही पीसींवर सगळी अपडेट पूर्ण करा आणि दोन्ही रिस्टार्ट करा. एक अपडेट झालेला आणि दुसरा मागे राहिलेला, हेच त्याचं सर्वात मोठं कारण. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ नोंदवहीत) एक आकडा शून्य करून हा एरर घालवायचा उपाय सगळीकडे सापडतो. मी तो करत नाही. त्याने दुरुस्त केलेली त्रुटी तुम्ही परत उघडता, आणि तीही ज्या पीसीशी सगळे जोडलेले आहेत त्याच पीसीवर.

७०९ बऱ्याचदा विंडोज ११ चं २२एच२ किंवा पुढचं आणि जुना मेन पीसी एकत्र आले की येतो. नव्या आवृत्तीने प्रिंटसाठीची बोलण्याची वाट बदलली, जुना पीसी जुन्याच वाटेवर थांबलेला. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये, प्रिंटर्सखाली, ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये ‘नेम्ड पाइप्स’ ही जुनी वाट निवडून तो सुटतो.

आणि हे सगळं टाळणारी एक वाट आहे, जी मी सर्वात जास्त वापरतो. ड्रायव्हर मेन पीसीकडून मागायचाच नाही. तुमच्या पीसीवर अ‍ॅडमिन म्हणून ‘अ‍ॅड अ लोकल प्रिंटर’ निवडा, नवं पोर्ट ‘लोकल पोर्ट’, आणि पोर्टचं नाव म्हणून दोन बॅकस्लॅश, मेन पीसीचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव (शेअर करताना प्रिंटरला दिलेलं नाव) असं लिहा. पुढे ड्रायव्हर विचारेल तेव्हा उत्पादकाचा, आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर द्या. आता ड्रायव्हर तुमच्याकडे आहे आणि मेन पीसीकडे फक्त तयार डेटा जातो. ३२-६४ चा घोळही यात येत नाही. त्यासाठी शेअरचं नाव छोटं, एकाच शब्दाचं ठेवा.

जुना ड्रायव्हर मुळासकट

नवा टाकूनही जुनाच परत येत असेल तर याचं कारण असं की प्रिंटर ‘रिमूव्ह’ केल्याने ड्रायव्हर जात नाही. तो विंडोजच्या साठ्यात राहतो आणि पुढच्या वेळी तोच लागतो. आधी त्या प्रिंटरच्या सगळ्या नोंदी काढा, ‘कॉपी’वाल्यासुद्धा. स्पूलर रिस्टार्ट करा. मग ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ड्रायव्हर्स टॅब, तो ड्रायव्हर निवडून रिमूव्ह, आणि विचारेल तेव्हा ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’. ‘वापरात आहे’ असं म्हणून नकार दिला तर पीसी रिस्टार्ट करून काहीही छापायच्या आधी पुन्हा करा. यूएसबीचा प्रिंटर असेल तर वायर काढून ठेवा आणि सेटअप सांगेल तेव्हाच लावा.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिली चाचणी प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘प्रिंट टेस्ट पेज’ची. ते पान आलं आणि तुमचं कागदपत्र आलं नाही, तर दोष आता त्या फाइलचा किंवा त्या सॉफ्टवेअरचा आहे. ड्रायव्हरला सोडा. टेस्ट पेजवर ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती छापलेली असते, ते पान जपून ठेवा.

इथे थांबा

प्रिंटरचं स्वतःचं कॉन्फिगरेशन पेज येत नसेल, आतून करकर आवाज येत असेल, जळका वास येत असेल, तर प्रिंटरचा मेकॅनिक. बंद करा, प्लग काढा.

पीसी कंपनीच्या डोमेनवर असेल, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल, किंवा प्रिंटर एखाद्या सर्व्हरवरून येत असेल, तर तुमच्या आयटीवाल्यांना सांगा. तिथली सेटिंग्ज वरून ठरलेली असतात. तुम्ही बदललेलं पुन्हा पूर्ववत होतं आणि मध्ये दुसऱ्या कोणाची प्रिंट बंद पडते.

स्पूलर चालू केल्या केल्या पुन्हा पुन्हा आपोआप बंद होत असेल आणि वरची साफसफाई करूनही थांबत नसेल, तर पुढचं काम रजिस्ट्रीतलं आहे. तिथे एक चुकीची नोंद गेली की सगळे प्रिंटर जातात, म्हणून बॅकअप घेऊन ते करणारा माणूस बोलवा. कोणी उपाय म्हणून फायरवॉल कायमची बंद करा, अपडेट काढून टाका किंवा रजिस्ट्रीत शून्य लिहा असं सांगितलं, तरीही थांबा आणि दुसऱ्याला विचारा.

बोलावताना चार गोष्टी हाताशी ठेवा: कॉन्फिगरेशन पेज, एररच्या पूर्ण कोडचा फोटो, दोन्ही पीसींवरच्या विंडोजची आवृत्ती, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘प्रिंटसर्व्हिस’खाली ‘अ‍ॅडमिन’ या लॉगमधल्या शेवटच्या काही नोंदी. आणि आतापर्यंत काय काय करून झालंय ते क्रमाने सांगा, ड्रायव्हर कितीदा टाकला तेही. त्यावरून येणाऱ्याला कळतं की समोर दिसणारी कोणती गोष्ट मुळात होती आणि कोणती नंतर आली.